टेम्पो रिकामा परतला

काळवलीचं आरोग्य केंद्र खर्चकपातीत बंद होणार होतं. सामान तालुक्याला न्यायला आलेल्या टेम्पोत ड्रायव्हर इक्बालभाईंनी कॉट चढवली, औषधांचा फ्रिजही चढवला. डॉक्टर अनुजा दाराला कुलूप लावत होत्या, तेवढ्यात गावातल्या तानुबाईंना त्यांच्या नवऱ्यानं मोटारसायकलवरून आणलं. गवत कापताना त्यांना नाग चावला होता. पापण्या मिटत होत्या, जीभ जड झाली होती.

“तालुक्याला नेऊ का?” नवऱ्यानं घाबरून विचारलं.

“दीड तास लागेल. तेवढा वेळ नाही आपल्याकडे.”

डॉक्टर स्वतः टेम्पोत चढल्या आणि फ्रिजमधली सर्पदंशाची इंजेक्शनं घेऊन उतरल्या. इक्बालभाईंनी न सांगताच कॉट खाली आणली. स्टँड सामानात तळाशी गेला होता, म्हणून सलाइनची बाटली तेच हातात धरून उभे राहिले.

चारच्या सुमारास तानुबाईंनी डोळे उघडले. “म्हशीला पाणी पाजलं का कुणी?” त्यांनी विचारलं. नवरा हसता हसता रडायला लागला. डॉक्टर भिंतीला टेकून तशाच जमिनीवर बसल्या.

इक्बालभाईंचा फोन वाजला. ऑफिसातले साहेब विचारत होते, सामान अजून का पोचलं नाही.

“साहेब, कॉटवर पेशंट आहे. नाग चावला होता. इथंच वाचल्या बाई.”

“बरं,” साहेब म्हणाले, “मग फ्रिज आणि बाकीचं सामानही उतरवून ठेवा. वर काय सांगायचं ते मी बघतो.”