लाडवाचा पुरावा

मला शुगर आहे. पण भारद्वाज दिसला की त्या दिवशी गोड खायचं, हा आमच्या घरचा जुना नेम. "दिसला तर एक लाडू देईन," माझी बायको विमल म्हणाली, "पण फोटो दाखवायचा. तुमच्या थापा नकोत."

तेव्हापासून सकाळचा चहा झाला की मी खिडकीशी मोबाइल धरून बसतो. कोपरीतल्या तमाम कावळ्यांनी माझ्याकडून पासपोर्ट साइज फोटो काढून घेतले, भारद्वाज मात्र आमच्या परसात फिरकला नाही.

आज मागच्या बिल्डिंगमधल्या परशुरामने त्याच्या खिडकीतून काढलेला आमच्या परसाचा फोटो पाठवला. खाली लिहिलेलं:



"गुणाजी, तू उठायच्या आत वहिनी रोज या भारद्वाजाला झाडूने का हाकलतात रे?"