दोन्ही एकदम

डॉक्टरीणबाईंनी भुऱ्याचा ओठ वर केला. हिरडी चुन्यासारखी पांढरी पडली होती. त्यांनी ती अंगठ्यानं दाबली, सोडली, पुन्हा दाबली. रंग फिरेना.

टेबलाच्या एका बाजूला थोरली जाऊ, दुसऱ्या बाजूला धाकटी. घराच्या वाटण्या झाल्या होत्या, कुत्र्याची झाली नव्हती. दोघींनी त्याला धरलं होतं, पण हाताला हात लागणार नाही अशा बेतानं.

डॉक्टरीणबाई सूक्ष्मदर्शकावरून उठल्या. "गोचिडीनं रक्तात सोडलेले जंतू तसेच आहेत. उलट वाढलेत. औषध चुकलं का कधी?"

"एक दिवस नाही!" दोघी एकदम म्हणाल्या आणि लगेच दोन दिशांना बघू लागल्या.

"पिवळं पातळ औषध कोण देतं?"

"मी," थोरली म्हणाली. "सकाळी अंघोळ झाली की आधी त्याचं औषध, मग देवाची पूजा. अगदी रिकाम्या पोटी देते. रिकाम्या पोटी कसं, चांगलं लागू पडतं."

"आणि गोळी?"

"दुपारी," धाकटी म्हणाली. "आमच्याकडे जेवतो तेव्हा."

डॉक्टरीणबाई मटकन खुर्चीत बसल्या. "अहो, ही जोडीनं द्यायची औषधं! एकेकटी दिली की जंतू त्यांना सरावतात. आणि पिवळं तर लोण्यातूनच द्यायचं, खाण्याबरोबर. नाहीतर ते रक्तात उतरतच नाही, आलं तसं बाहेर जातं. मी सांगितलं होतं."

"मला नाही कुणी सांगितलं."

"मला सांगितलं होतं," धाकटी खालच्या आवाजात म्हणाली.

"मग यांना नको का सांगायला?"

"सांगितलं की. भुऱ्याला सांगितलं. दोन घरांमधल्या बंद दाराशी उभं राहून, चांगलं मोठ्यानं. बाबा रे, लोण्याशिवाय घेऊ नकोस ते, म्हणून."

थोरलीचा चेहरा उतरला. "मला वाटलं, लाड चाललेत. मला ऐकवायला."

 भुऱ्याचा श्वास वाजत होता.

"अंगात रक्त फार थोडं उरलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता द्या. माझ्यासमोर, दोन्ही एकदम. हेही फुकट गेलं तर पुढे माझ्या हातात काही नाही."

त्यांनी दोन्ही औषधं दिली, फ्रिजमधून लोणी काढून दिलं. धाकटीनं त्यात गोळी दाबली, वर पिवळं औषध ओतलं आणि ते बोटावर घेऊन भुऱ्याच्या नाकाशी नेलं. त्यानं हुंगलं आणि मान फिरवली. तिनं पुन्हा नेलं. त्यानं डोळे मिटून घेतले.

"खा रे," ती म्हणाली. "माझ्या हातचं तर खातोस ना तू?"

त्यानं तोंड उघडलं नाही तशी थोरली पुढे झाली. एका हातानं तिनं भुऱ्याचा वरचा जबडा उचलला, दुसऱ्यानं खालचा ओढला. धाकटीनं लोणी जिभेच्या पार मागे सारलं. थोरलीनं तोंड मिटून धरलं, धाकटी गळ्यावरून हात फिरवत राहिली. दोघींची नजर त्याच्या कंठावर. कंठ हलला नाही. मग हलला.

"ओकत नाही ना, बघा थोडा वेळ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि उद्यापासून एकाच घरात, एकाच वेळी, दोघींनी मिळून. कुणाच्या घरात, ते तुमचं तुम्ही ठरवा."

लोण्यानं माखलेले चारही हात कुत्र्यावरच होते. थोरली त्याच्या कानाशी वाकली.

"भुऱ्या, तिला सांग, सकाळी लोणी घेऊन ये म्हणावं. मधल्या दारानंच ये."

धाकटीनं कुत्र्याकडे पाहिलं नाही.

"ताई, कडी तुमच्या बाजूनं आहे."