धुक्यातला तलाव

"तुला काय आवडतं?" मीनलताईंनी विचारलं.

"मला वाचन आणि संगीत आवडतं," कांचनने पाठ केलेलं उत्तर अगदी शुद्ध भाषेत दिलं.

मीनलताई कॉलेजात असताना पुण्याच्या वसतिगृहातल्या मैत्रिणींच्या एका मंडळात होत्या. ते मंडळ दरवर्षी गप्पा मारून मोजक्याच नव्या मुली निवडायचं. पवनीहून शिकायला निघालेल्या कांचनलाही त्यात जायचं होतं, पण आपल्या गावाकडच्या बोलण्याला कुणी हसेल या भीतीने तिची झोप उडाली होती, म्हणून ताई तिची तयारी करून घेत होत्या.

"हे सगळ्याच सांगतात. डोळे मिट आणि सांग."

कांचनने डोळे मिटले. "बाबासंग डोंग्यात बसून तलावात शिंगाडे तोडाले जातो. सकारी पाण्यावर धुकं रायते. काठ दिसतच नाही. वाटते, ढगातून चाललो." मग ती ओशाळली. "असं नको ना बोलायला?"

"असंच बोल," ताई म्हणाल्या.

पुण्यात अनोळखी मुलींसमोर तिने पुन्हा डोळे मिटले आणि ती तशीच, गावच्या बोलीत बोलत गेली. उघडले तेव्हा कुणीच हसत नव्हतं. "मग? काठ सापडला?" एकीने हळूच विचारलं आणि सरकून आपल्या शेजारी तिला जागा केली.