तुरुंगातून आलेला स्वेटर

मनमोहन तुरुंगातून सुटून आला तेव्हा त्याच्या गळ्यात झेंडूचे दोन हार होते आणि अंगात लीलाचा स्वेटर.

चैत्रातलं ऊन होतं. गिरगावात चैत्रात स्वेटर घालून फिरणारा माणूस एक तर तापाने फणफणलेला असतो, नाही तर देशभक्त. चाळीने त्याला देशभक्त धरलं. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ अशी आरोळी उठली, वरच्या गॅलरीतून गुलाल पडला. लीला ओवाळायचं ताट घेऊन दारात उभी होती. नवरा वाळलाय की सुटलाय हे तिने पाहिलंच नाही. ती बाह्या बघत होती.

स्वेटरला बाह्या नव्हत्या. म्हणजे घरातून गेला तेव्हा नव्हत्या. गळाही नव्हता. सत्याग्रहाच्या सकाळी घाईत तिने खुंटीवरची चुकीची पिशवी नवऱ्याच्या हातात दिली. धोतर, सदरा, पंचा घरी राहिले आणि अर्धा स्वेटर लोकरीच्या गुंड्यांसकट सरकारजमा झाला. तिला मनातून बरंच वाटलं होतं. पुरा न होण्याला पहिल्यांदाच भक्कम कारण मिळालं होतं. आधीच्या कामांना ते नव्हतं. चोच नसलेला पोपट आणि तीन पायांचा मण्यांचा हत्ती घरात उगाचच टांगलेले होते. लीला विणायला बसायची ती गाडी सुटत असल्यासारखी. दात आवळलेले, खांदे कानाला टेकलेले, अन् अर्ध्या ओळीत तिला आठवायचं की डाळ उतू जात असेल. डाळ कधीच उतू गेलेली नसायची.

शेजारच्या उर्मिलावहिनी तिचं विणकाम बघून नेहमी एकच सांगायच्या, “सैल सोड गं हात. सुई आहे ती, पोलिसाचं मनगट नव्हे.”

चाळीचे सेक्रेटरी नाना यांनी मनमोहनला खुर्चीवर चढवलं आणि कारावासातल्या हालअपेष्टांवर दोन शब्द बोलायला सांगितलं. मनमोहन बाह्यांवर बोलला. सुया आत नेऊ दिल्या नाहीत, म्हणून खराट्याचे दोन हीर घासून घेतले. बराकीवरच्या वॉर्डरची बायको विणणारी. तो रोज तिला विचारून यायचा आणि टाके कुठे कमी करायचे ते गजांतून सांगायचा. एका बाजूने सरकार चळवळ मोडत होतं, दुसऱ्या बाजूने काखेचा घेर सांगत होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारे डोळे पुसू लागले.

“आत दुसरं कामच नव्हतं,” मनमोहन म्हणाला. “मन कसं अगदी शांत.”

लीलाच्या ताटातलं निरांजन कलंडलं.

मग उर्मिलावहिनी पुढे आल्या. त्यांनी चष्मा लावला, मनमोहनची बाही चिमटीत धरली, उलटी करून पाहिली, गळ्याची शिवण ताणून पाहिली. सगळी गॅलरी कठड्यावरून वाकून बघू लागली. छातीवर एक आडवी रेघ स्पष्ट दिसत होती. रेघेखाली लीलाचे टाके, चटईसारखे कडक. रेघेच्या वर मनमोहनचे, एकसारखे, पसरून बसलेले.

“हात मोकळा आहे हो भावजी तुमचा,” वहिनी म्हणाल्या. “छान.”

लग्न होऊन या चाळीत आल्यापासून लीला त्या ‘छान’च्या मागे होती. पोपट त्यासाठी, हत्ती त्यासाठी. आणि ते मिळालं कोणाला, तर ज्याला सदऱ्याचं बटण लावायला बायको लागते त्याला. वर वहिनींनी त्याला आपल्या नातवासाठी टोपी विणायला सांगितली. तो लाजून हो म्हणाला.

मंडळी पांगली. मनमोहनने स्वेटर काढून दोरीवर टाकला आणि तो मोरीत गेला. आतून त्याचं गुणगुणणं ऐकू येऊ लागलं.

लीलाने दार लोटलं. स्वेटर मांडीवर घेतला, गळ्याशी धाग्याचं टोक शोधलं आणि ओढलं. किती सहज सुटत होतं ते! गळा गेला, बाह्या गेल्या, खांदे गेले, छाती गेली. नवऱ्याचं सगळं विणकाम कुठेही न अडता तिच्या मांडीवर येऊन पडलं.

रेघेपाशी धागा अडला.

तिने जोर लावला. टाका हलेना.

मनमोहन अंग पुसत बाहेर आला. त्याने बायकोकडे पाहिलं, लोकरीच्या ढिगाकडे पाहिलं. रागावला नाही. समोर मांडी घालून बसला आणि धागा गुंडाळून घ्यायला त्याने दोन्ही हात पुढे केले.

“दे, मी सोडवतो. घाई काय आहे?”

“हात लावू नका,” लीला म्हणाली, आणि आपणच घातलेला टाका तिने दातांत धरला.