राख न बसलेली जागा

सासूबाईंची लोखंडी खाट आणि चपला दिपालीनं तेरवीआधीच भंगारवाल्याला देऊन टाकल्या.

"आईची खाट तेरवीले दान द्यायची होती वं," तिचा नवरा ऋषिकेश म्हणाला.

"पसारा काहून ठेवायचा? घर कसं मोकळं वाटून राहिलं."

कोराडीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत खिडकी उघडी राहिली की फरशीवर राख बसतेच. सकाळी सासूबाईंच्या रिकाम्या खोलीतही बसली होती. फक्त खाटेचे चार पाय टेकायचे तिथं फरशी लख्ख होती, आणि शेजारी चपलांच्या जोडाएवढी.

दिपालीनं सगळं पुसून काढलं.

दुपारी पुन्हा राख बसली. चपलांची लख्ख जागा आता उंबरठ्याशी होती, बोटं स्वयंपाकघराकडे.

तिनं ओट्यावर चहा ठेवला आणि खाली पाहिलं. तिच्या टाचांना लागून राखेत तोच जोड उमटला होता.