कोलाचा पहिला तुकडा

कट्ट! प्रार्थना संपताच सासऱ्यांनी पाहुण्यांना मानाने देतात ती कोलाची कडू बी फोडली आणि पहिला तुकडा तोंडात टाकला. यजमानाने तो आधी खायचा, म्हणजे विष नाही याची पाहुण्यांना खात्री पटते. माझ्या नणंदेला, उगोचीला, मागणी घालायला आलेली मंडळी आपापले तुकडे हातात धरून थांबली होती.

सासऱ्यांनी चावलं मात्र, डोळ्यांत टचकन पाणी आलं. तुकडा त्यांनी गुपचूप रुमालात थुंकला. गुपचूप असं त्यांना वाटलं, पाहिलं सगळ्यांनी.

नवरा दरवर्षी विनवायचा, "पापा, एकदा दात दाखवून या."

"न दुखणारे दात दाखवायला शहरातली मऊ माणसं जातात. मी अजून बोकडाची हाडं फोडतो!"

पुढे दाढ आतून पोखरून गेली. मोठेपणा तेवढा शाबूत राहिला.

मागणी घालणाऱ्या मुलाच्या काकांनी तुकडा परत बशीत ठेवला. "दादा, तुम्हीच थुंकलात, मग आम्ही कसा खायचा?"

"माझ्याच घरात माझ्यावर संशय? चालते व्हा!"

मंडळी उठली. त्यांची गाडी वळणाआड गेली तरी उगोची दारातून हलली नाही. सासरे मात्र खुर्चीत ताठ बसून होते, गालाला हात लावून.

माझी छोटी कामसी मांडीवर चढली आणि माझ्या कानाशी आली.



"आई, आजोबांनी त्यांना दाढ दुखतेय एवढंच का नाही सांगितलं?"