मागची सीट

गाडीचा सौदा ठरला होता. तरीही ताबा द्यायच्या आदल्या दिवशी कडुबा आपली जुनी गाडी घेऊन राजकुमार मिस्तरीच्या गॅरेजवर गेले. म्हणाले, “इंजिनचं पाणी लई तापलं की वाजणारा सेन्सर बसव.”

राजकुमार हसला. “काका, उद्या गाडी दुसऱ्याची. आता कशाला?”

“घेणाऱ्याची बायको पोटुशी हाय. सोयगावहून इथं दवाखान्यात तिला हिच्यातच आणणार हाय तो.”

राजकुमारनं रेडिएटरची नळी कापून तिच्यात सेन्सर बसवला, वायर आत ओढली, स्टिअरिंगखाली बझर लावला आणि तपासायला पंखा बंद करून इंजिन चालू ठेवलं. बऱ्याच वेळानं बझर कर्कश वाजला, तसं पुढं बसलेल्या कडुबांनी दचकून मागच्या सीटकडं पाहिलं. तिथं कुणीच नव्हतं.

“चालतंय की झकास! बंद करू, काका?”

“वाजू दे जरा,” कडुबा म्हणाले. “माझ्या लेकीला, सुलेखाला, हिच्यातच मागं बसवून बाळंतपणासाठी आणत व्हतो, तवा फुलंब्रीपाशी वाफ निघाल्यावरच कळलं. दुसरी गाडी मिळेस्तोवर मायलेकरं दोघंबी गेली.”